ऑनलाइन कोर्समधली कॉपी कशी रोखायची: गावाकडच्या शिक्षकांसाठी

२०२० च्या पावसाळ्यात कॉलेज बंद असताना मी बी.कॉम.च्या मुलांची सांख्यिकीची चाचणी गूगल फॉर्मवर घेतली. एका प्रश्नात सरासरी काढायची होती. उत्तर यायला हवं होतं ४८.६. मी लॅपटॉपसमोर बसून शीटमध्ये उत्तरं उतरताना बघत होते. एकाखाली एक येत गेली: ४६.८, ४६.८, ४६.८. कुणीतरी घाईत अंकांची अदलाबदल करून उत्तर ग्रुपवर टाकलं होतं आणि अर्ध्या वर्गानं ती चूक जशीच्या तशी उचलली होती.

राग आला, खोटं कशाला सांगू. पण रात्री तीच प्रश्नपत्रिका पुन्हा वाचली. सगळ्यांना एकच प्रश्न, उत्तर म्हणून एकच आकडा, वेळ सगळ्यांना तीच आणि वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालू. मीच अशी परीक्षा बांधली होती की कॉपी करणं हाच त्यातला सगळ्यात सोपा रस्ता होता.

तेव्हापासून यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात आम्ही तीस तासांचे ऑनलाइन प्रमाणपत्र कोर्स चालवतो. मुलं आसपासच्या खेड्यांतून आणि पोडांवरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवरून येतात. घरात फोन एक, तो तिघांत वाटलेला. या परिस्थितीत जे जमलं ते इथं क्रमानं लिहिते आहे. शहरातल्या कॉलेजांसाठी लिहिलेले उपाय आमच्याकडे निम्मे चालत नाहीत, म्हणून आमच्याकडचे लिहिणं गरजेचं वाटलं.

आधी कॉपी कुठून होते ते बघा

उपाय ठरवण्याआधी आपल्या कोर्समध्ये नेमकं काय होतं याचा शोध घ्या. पास होऊन गेलेल्या दोन-चार मुलांना बोलवा, चहा पाजा आणि विचारा. आता त्यांचे गुण तुमच्या हातात नसतात, त्यामुळे ती खरं सांगतात. मला जे कळलं ते असं.

सगळ्यात जास्त चालतं ते प्रश्नाचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं. त्या खालोखाल दुसऱ्याच्या फोनवर शोधणं. आता तर प्रश्नाचा फोटो दाखवला की चॅटजीपीटीसारखं साधन पायऱ्यांसकट गणित सोडवून देतं, त्यामुळे फॉर्ममधला मजकूर कॉपी होऊ नये म्हणून केलेली खटपट वाया जाते. तिसरा प्रकार म्हणजे नागपूर-पुण्याला शिकणारा भाऊ लॉगिन करून पेपर सोडवतो. चौथा प्रकार झेरॉक्सच्या दुकानातला: लेखी प्रकल्प तयार मिळतो, वर फक्त नाव बदलायचं. पूर्वी मायक्रो झेरॉक्स विकली जायची, आता पीडीएफ विकली जाते. आणि व्हिडिओ चालू ठेवून फोन चार्जिंगला लावून कापूस वेचणीला निघून जाणं, हे तर घरोघरी.

कारणंही विचारा. आळस हे कारण मला फार कमी वेळा सापडलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनची सोंगणी उरकत नाही तोच कापूस वेचायला येतो आणि मजूर मिळत नसल्यानं घरची पोरं शेतात असतात. कोलामी किंवा गोंडी घरात बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतला प्रश्नच नीट कळत नाही, मग तो कळणाऱ्याचं उतरवतो. एका मुलीनं मला सांगितलं होतं, "मॅडम, मले येत होतं, पण माह्या भाषेत लिवलं तं चुकीचं धरान असं वाटलं." या मुलीवर पहारा बसवून काय मिळणार?

गुण एकाच दिवशी टांगू नका

पहिली खरी पायरी ही, आणि ती कोर्स सुरू होण्याआधीच उरकायची. शंभरपैकी सत्तर-ऐंशी गुण घरून दिलेल्या एका ऑनलाइन परीक्षेला ठेवले, तर त्या एका तासासाठी मूल काहीही करेल.

स्वयम् या सरकारी व्यासपीठावरचे एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींनी चालवलेले कोर्स बघा. तिथं घरून केलेल्या साप्ताहिक असाइनमेंटना २५ गुण आणि अंतिम परीक्षेला ७५. ती परीक्षा केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून द्यावी लागते. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सगळ्यात चांगल्या आठ असाइनमेंट धरतात आणि प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे गुण मिळवावे लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) स्वयम् वरून घ्यायला परवानगी दिली. घरचं काम सरावासाठी आणि खात्री समोरासमोर, असा या रचनेमागचा विचार आहे.

आम्ही तोच विचार आमच्या बेतानं बसवला. आठवड्याच्या छोट्या चाचण्यांना २० गुण: दहा घेतो, चांगल्या आठ धरतो. गावात करायच्या कामाला ३०. तोंडीला २०. केंद्रावर बसून लेखीला ३०. अट एकच: तोंडी आणि केंद्रावरची लेखी मिळून ५० पैकी किमान २० हवेत. घरच्या चाचण्यांत कुणी भावाकडून २० पैकी २० आणले तरी तेवढ्यावर कुणी पास होत नाही, आणि हे मुलांना पहिल्याच दिवशी माहीत असतं. दहातल्या आठ धरण्याचा दुसरा फायदा असा की लाइन गेली, फोन बापासोबत यवतमाळला गेला, तर मूल घाबरत नाही. घाबरलेलं मूलच ग्रुपवर उत्तर मागतं.

पहिला आठवडा: ओळख आणि नियम

पहिल्या आठवड्यात प्रत्येकाकडून दोन गोष्टी घ्या. एक, हातानं लिहिलेलं पानभर काहीतरी, त्याचा फोटो. दोन, दोन मिनिटांचा आवाज, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला. विषय सोपा ठेवा: तुमच्या गावात पाणी कुठून येतं. या दोन नमुन्यांवरून मुलाची भाषा कळते, पुढे एखादा लेखी प्रकल्प भलत्याच भाषेत आला तर ताडून पाहता येतं आणि केंद्रावर अक्षर जुळवता येतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मूल तुमच्याशी बोलायला लागतं.

मग नियम. "गैरप्रकार केल्यास कारवाई होईल" असल्या वाक्यांनी काही होत नाही, कारण गैरप्रकार म्हणजे काय हेच कुणी सांगितलेलं नसतं. आमच्याकडे मित्राला मदत न करणं हेच वाईट मानतात. त्यामुळे कुठली मदत चालते आणि कुठली नाही हे उदाहरणांसकट सांगावं लागतं. आमचा कागद असा आहे:

"गणित कसं सोडवायचं हे मित्राला विचारा, चालेल. त्याचे आकडे उतरवले तर चालणार नाही. अवघड शब्दाचा अर्थ मोबाइलवर शोधा, चालेल. मोबाइलनं लिहिलेला परिच्छेद आपला म्हणून दिला तर चालणार नाही. मोबाइलची मदत घेतली असेल तर शेवटी एका ओळीत लिहा, कशासाठी घेतली. ते लिहिल्यावर गुण कापणार नाही. फोन मिळाला नाही तर दुसऱ्याला पेपर द्यायला लावू नका, मला साधा फोन करा, दुसरी वेळ देईन."

शेवटचं वाक्य पाळायचं असेल तरच लिहा. मी पहिल्या वर्षी लिहिलं आणि एका मुलाला वेळ नाकारली. नंतर वर्षभर कुणी फोन केला नाही.

प्रश्न असा काढा की उत्तर उसनं घेता येऊ नये

सगळी मेहनत इथं घाला. कॅमेरा, अ‍ॅप, पहारा यांपेक्षा प्रश्नपत्रिकेवर घालवलेले चार तास जास्त कामाचे असतात हा माझा अनुभव आहे.

पहिली युक्ती हजेरी क्रमांकाची. गणित असलेल्या कुठल्याही विषयात ती चालते. आमचा हा प्रश्न बघा.

"तुमच्या हजेरी क्रमांकाचे शेवटचे दोन अंक म्हणजे 'क'. एका शेतकऱ्याकडे (१० + क) क्विंटल लांब धाग्याचा कापूस आहे. गावातला व्यापारी क्विंटलला ६,९०० रुपये देतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर २०२४-२५ चा हमीभाव ७,५२१ रुपये मिळतो, पण तिथं न्यायला गाडीचं भाडं ३,००० रुपये आणि भराई-उतराई क्विंटलला ४० रुपये लागते. केंद्रावर नेल्यास किती रुपये जास्त सुटतील?"

हजेरी क्रमांक ७ असलेल्या मुलीकडे १७ क्विंटल. क्विंटलमागे फरक ६२१ रुपयांचा, म्हणजे १०,५५७. खर्च ३,६८०. सुटले ६,८७७ रुपये. क्रमांक ३७ कडे ४७ क्विंटल, त्याचं उत्तर २४,३०७. आता ३७ क्रमांकाच्या उत्तरात ६,८७७ आलं तर ते कुणाच्या वहीतून आलं हे उत्तरच सांगतं. तपासायलाही जास्त वेळ लागत नाही: शीटच्या एका रकान्यात 'क' भरा, शेजारी सूत्र टाका, तिसऱ्या रकान्यात मुलाचं उत्तर ठेवा आणि जुळतं का ते बघा. साठ मुलांचं काम दहा मिनिटांत होतं.

यात रीत विचारून घेतली तर हरकत नाही, उलट हवीच आहे. सातवा क्रमांक सदतिसाव्याला फोनवर समजावून सांगतो, "पहिले फरक काढ, मंग खर्च वजा कर," तेव्हा तो शिकवतच असतो. बंद होतं ते फक्त उतरवणं.

दुसरी युक्ती: माहितीच मुलानं आणायची. आठवडी बाजारात एकाच दिवशी तीन दुकानांतले तुरीच्या डाळीचे भाव लिहा आणि सरासरी काढा. बाजार समितीच्या फलकावरचे पाच दिवसांचे सोयाबीनचे भाव घ्या. सोबत फलकाचा फोटो, त्यात आपलं नाव आणि तारीख लिहिलेला कागद धरलेला. वनस्पतिशास्त्रवाले आपल्या धुऱ्यावरची (बांधावरची) पाच तणं त्याच पद्धतीनं आणायला सांगू शकतात, गाजरगवत तर कुणालाही मिळेल. इतिहासवाले गावातल्या सत्तरीच्या पुढच्या माणसाशी दुष्काळावर बोलायला लावू शकतात. मराठीवाले घरात आजी वापरते पण पुस्तकात नाहीत असे वीस शब्द मागू शकतात. असलं काम झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळत नाही. आणि कोलामी बोलणाऱ्या मुलाला पहिल्यांदाच वर्गात इतरांपेक्षा जास्त माहीत असतं.

तिसरी गोष्ट, आणि ही कधी चुकवू नका: प्रश्न मुलांना देण्याआधी स्वतः चॅटजीपीटीला द्या. त्याच्या उत्तराला तुम्ही प्रामाणिकपणे किती गुण दिले असते ते लिहा. दहापैकी आठ द्यावेसे वाटले, तर तो प्रश्न घरी सोडवायला देऊ नका. फेकूही नका, केंद्रावरच्या लेखीसाठी ठेवा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या वीसपैकी सतरा प्रश्न बाद झाले. "अमुक म्हणजे काय", "फायदे-तोटे लिहा", "फरक स्पष्ट करा" ही तर पूर्ण जातच बाद झाली. वाईट वाटलं, कारण त्यातले काही प्रश्न मी बारा वर्षं विचारत आले होते.

फॉर्मची मांडणी

गूगल फॉर्म वापरत असाल तर एवढं करा: ईमेल पडताळून गोळा होऊ द्या, एका खात्यातून एकच उत्तर स्वीकारा, प्रश्नांचा क्रम बदलता ठेवा, पर्यायांचा क्रमही बदलता ठेवा आणि गुण लगेच न दाखवता तपासून झाल्यावर जाहीर करा. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. गुण लगेच दिसले की पहिला मुलगा पेपर देतो, बरोबर उत्तरांचा स्क्रीनशॉट काढतो आणि पाच मिनिटांत तो सगळीकडे पोचतो. हजेरी क्रमांकाचा शेवटचा अंक निवडायला लावून त्यानुसार वेगळ्या विभागात पाठवण्याची सोयही फॉर्ममध्ये आहे, तिचा वापर करून एका फॉर्ममध्ये तीन-चार प्रश्नपत्रिका बसवता येतात.

फॉर्मची मर्यादाही ओळखून असा. त्याला स्वतःचा वेळमापक नाही. स्क्रीन बंदिस्त करण्याची सोय फक्त संस्थेच्या ताब्यातल्या क्रोमबुकवर चालते. परीक्षा चालू असताना दुसरं काही उघडू न देणारा सेफ एक्झाम ब्राउझर विंडोज, मॅक आणि आयपॅडवर चालतो, अँड्रॉइडवर नाही. आमच्या मुलांकडे अँड्रॉइड फोनच आहेत, म्हणजे हे दोन्ही दरवाजे आपल्यासाठी बंद. त्यांच्यावर पैसा आणि वेळ घालवू नका.

कॉलेजात मूडल हे ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर असेल तर प्रश्नसंच बांधा. दहा प्रश्नांच्या चाचणीसाठी प्रत्येक प्रश्नाची चार-चार रूपं, म्हणजे चाळीस प्रश्न. यंत्र प्रत्येकाला प्रत्येक जागी चारांतलं एक रूप देतं. त्यातून १०,४८,५७६ वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका निघू शकतात. कुठल्याही एका जागी शेजाऱ्याला तेच रूप येण्याची शक्यता चारात एक. चाळीस प्रश्न एकटीनं काढायला जीव जातो, म्हणून आम्ही तीन कॉलेजांतल्या पाच शिक्षकांनी वाटून घेतले. आकडे बदलते ठेवणारा गणिती प्रश्नाचा प्रकारही मूडलमध्ये आहे, हजेरी क्रमांकाची युक्ती त्यात आपोआप होते.

व्हिडिओ बघितला की नाही हे तपासायचं असेल तर व्हिडिओतच फळ्यावर एखादं स्थानिक उदाहरण सोडवा, जे लेखी नोट्समध्ये नसेल, आणि पुढच्या चाचणीत त्याच उदाहरणावरून विचारा.

वेळ किती द्यायची

वेळ आवळली की कॉपी थांबते असं पुष्कळांना वाटतं. वीस प्रश्न, पंधरा मिनिटं. आमच्याकडे त्यात पहिला बळी प्रामाणिक मुलाचा जातो. टेकडीवर किंवा टाकीजवळ गेल्याशिवाय नेटवर्क मिळत नाही, पान उघडायलाच तीन मिनिटं जातात. ज्याच्यासाठी नागपूरचा भाऊ पेपर सोडवतो त्याला पंधरा मिनिटंही पुरतात.

गावातल्या कामाला आठ दिवस द्या. छोट्या चाचणीला अठ्ठेचाळीस तासांची मुदत ठेवा, त्यात मूल केव्हाही बसो. प्रश्न हजेरी क्रमांकाचे असतील तर उत्तर फुटायची भीती राहत नाही, मग घाई कशाला? तारखा ठरवताना शेतीचं वेळापत्रक समोर ठेवा. वेचणीच्या भरात आणि पोळ्याच्या दोन दिवसांत काही ठेवू नका. मेळघाट-गडचिरोलीकडच्या शिक्षकांनी मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांचे दिवस आणि मे मध्ये तेंदूपत्त्याचा हंगाम धरावा.

तोंडी: तीन-चार मिनिटांचं काम

मला एकच उपाय निवडायला सांगितला तर मी हा निवडेन. त्याला इंटरनेट लागत नाही, साधा फोन पुरतो. साठ मुलं, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे चार तास. दोन दिवसांत वाटले तर सहज होतं. वर्ग दीडशेचा असेल तर चिठ्ठ्या टाकून तीस मुलं काढा, पण चिठ्ठ्या काम जमा झाल्यावरच टाका, आपला नंबर लागेल की नाही हे आधी कुणालाच कळू नये.

प्रश्न मुलाच्याच कागदावरून काढायचे. एक, "हा आकडा इथं कुठून आला?" दोन, "यातली एक गोष्ट बदलली तर काय होईल?" तिसरा लागत नाही. वर दिलेल्या कापसाच्या प्रश्नावर मी सगळ्यांना विचारते की पाचच क्विंटल कापूस असलेल्यानं काय करावं. उत्तर असं की पाच क्विंटलला केंद्रावर ३,१०५ रुपये जास्त मिळतात आणि खर्च येतो ३,२००, म्हणजे गावातच दिलेला बरा. सहा क्विंटलपासून केंद्र परवडतं. ज्यानं गणित स्वतः केलंय तो क्षणभर थांबतो, मनात गुणतो आणि सांगतो. ज्यानं उतरवलंय तो थांबतच नाही, कागदावरचंच वाक्य पुन्हा म्हणतो.

गेल्या खेपेला एका मुलीला मी विचारलं, "तुमच्या घरी तर बारा क्विंटल होता, मग गावातच का विकला?" तिच्या लेखी उत्तरात फारसं काही नव्हतं, वाक्यं अर्धवट, शुद्धलेखन सगळं चुकलेलं. फोनवर म्हणाली, "ओल होती न मॅडम कापसाले. बारा टक्क्याच्या वर गेली असती तं सीसीआयवाल्यानं घेतलाच नसता. गाडीचं भाडं वरून गेलं असतं. मंग बाबानं गावातच देऊन टाकला." केंद्रावर आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे कपात होते आणि बाराच्या वर माल नाकारतात. हे मी वर्गात शिकवलं नव्हतं. तिला मी तोंडीला वीसपैकी अठरा दिले.

तोंडी वऱ्हाडीत घ्या, झाडीपट्टीत असाल तर झाडीबोलीत. कोलामी-गोंडी मुलांसाठी शक्य असेल तर ती भाषा जाणणारी वरच्या वर्गातली मुलगी किंवा मुलगा सोबत बसवा. गुण देताना कशाला किती हे आधी लिहून ठेवा आणि फोन ठेवताच दोन ओळींची नोंद करा. नंतर कुणी शंका काढली तर ती वही उपयोगी पडते.

केंद्रावरची लेखी आणि कॅमेऱ्याचा प्रश्न

कॅमेरा लावून घरी परीक्षा घेण्याचा आग्रह वरून येतो तेव्हा मी एवढंच सांगते: तासभराच्या व्हिडिओ कॉलला अर्धा-एक जीबी डेटा सहज जातो, आणि आमच्या मुलांचा दिवसाचा पॅक एक-दीड जीबीचा असतो. घर एका खोलीचं. मागून आजी जाते, शेळी आत येते, लहान भाऊ रडतो. यंत्र यातल्या प्रत्येक हालचालीला संशयास्पद ठरवतं. आणि कुठल्याही मुलीला आपल्या घराची आतली बाजू अनोळखी माणसाला दाखवायला लावणं मला पटत नाही. त्यातून पकडलं कोण जातं? दुसरा फोन कॅमेऱ्याच्या मागे ठेवला की झालं.

त्यापेक्षा कोर्समध्ये एक अर्धा दिवस समोरासमोर ठेवा. तालुक्याला यायला एसटीचा प्रश्न असेल तर चार-पाच गावांच्या मध्ये जिल्हा परिषदेची शाळा रविवारी मागून घ्या, किंवा ग्रामपंचायतीचं सभागृह. प्रश्नपत्रिका छापील असू द्या, कोर्स ऑनलाइन आहे म्हणून परीक्षाही ऑनलाइन हवी असं कुठं लिहिलंय? ओळखपत्र बघा, पहिल्या आठवड्यातल्या अक्षराशी अक्षर जुळवा. पर्यवेक्षक शेजारच्या कॉलेजचा बोलवा आणि त्यांच्याकडे तुम्ही जा. मुलांना आपली वही सोबत आणू द्या. वही उघडून सोडवता येतील पण वहीत सापडणार नाहीत असे चार प्रश्न पुरतात, आणि वही आणायची परवानगी असली की वर्षभर वही लिहिली जाते.

यंत्रानं लिहिलेलं ओळखायचं कसं

लेख यंत्रानं लिहिलाय की माणसानं, हे सांगणारी साधनं मिळतात. त्यांच्या आकड्यावरून कुणाला दोषी धरू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असं साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले. इंग्रजी घाबरत घाबरत, मोजक्या शब्दांत लिहिणारी आमची मुलं याच गटात येतात.

लेखी प्रकल्प असेल तर तो टप्प्यांनी मागा. पहिल्या आठवड्यात विषय आणि दोन ओळी, दुसऱ्यात हातानं लिहिलेले कच्चे मुद्दे, तिसऱ्यात पहिला खर्डा, मग शेवटचा. गूगल डॉक्सवर लिहीत असतील तर आवृत्तींचा इतिहास बघा: पानभर मजकूर एका क्षणात उतरलाय की तीन दिवसांत खाडाखोड होत होत वाढलाय, ते तिथं दिसतं. तेही पुरावा म्हणून नको, कारण बरीच मुलं वहीत लिहून मग एकदम टाइप करतात. तोंडीला काय विचारायचं हे ठरवायला मात्र ते उपयोगी पडतं.

संशय आला तर

इथं माझ्या हातून झालेली चूक सांगते. एका चाचणीत दोन मुलींची उत्तरं लागोपाठ आली, सहा मिनिटांच्या अंतरानं, आणि लेखी प्रश्नात दोघींचं एक वाक्य जवळजवळ सारखं. मी ग्रुपवर दोघींची नावं लिहून खुलासा मागितला. दोघी चुलत बहिणी होत्या. घरात एक फोन, एकीनं पेपर दिला की लगेच दुसरीनं दिला, नेटवर्क होतं तेवढ्यात. वाक्य सारखं होतं कारण दोघींनी एकाच वहीतून अभ्यास केला होता. तोंडी घेतली तेव्हा दोघींना सगळं येत होतं. मी ग्रुपवर माफी मागितली, पण धाकटी पुढच्या सत्रात कोर्सला आली नाही.

म्हणून आता क्रम ठरलेला आहे. ग्रुपवर अक्षरही लिहायचं नाही. आधी उत्तरं, वेळा, खर्डे एका कागदावर मांडायचे आणि विचारायचं: याचं साधं कारण काय असू शकेल? मग मुलाला एकट्याला बोलवायचं किंवा फोन करायचा, आणि सुरुवात आरोपानं न करता "हे कसं केलंस ते मला सांग" असं म्हणायचं. सांगता आलं तर विषय संपला. नाही आलं तर पहिल्या वेळी तेवढंच काम नव्या आकड्यांनी पुन्हा करायला द्यायचं. दुसऱ्या वेळी त्या कामाचे शून्य गुण, आणि निर्णय एकट्या शिक्षकानं न घेता दोन-तीन जणांच्या समितीनं घ्यायचा, मुलाचं म्हणणं लेखी घेऊन. विद्यापीठ आणि बोर्डाच्या परीक्षांतल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात १९८२ चा कायदा आहे. त्याचा धाक आठवड्याच्या छोट्या चाचणीला दाखवू नका.

मित्राला उत्तर देणाऱ्याचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. आम्ही त्याला पुढच्या महिन्यात तीन मुलांचा अभ्यास घ्यायला लावतो. त्याला मदत करायचीच असते, तिला फक्त वेगळी वाट हवी असते.

निकालानंतरचा एक तास

निकाल लागला की प्रश्नपत्रिका घेऊन बसा. कोणत्या प्रश्नाची उत्तरं एकसारखी आली, कोणत्या प्रश्नाला घरी भरपूर गुण पडले आणि तोंडीला मुलं गप्प झाली, ते खुणा करून ठेवा. ते प्रश्न फुटले आहेत किंवा मुळात उतरवण्याजोगेच होते. माझ्या प्रश्नवहीत अशा प्रश्नापुढं मी लाल शाईनं वर्ष लिहिते आणि तो तीन वर्षं बाहेर काढत नाही. भाव आणि भाडं असलेल्या प्रश्नांत दर हंगामाला आकडे नवे घालते. यंदाच्या वहीत कापसाच्या त्या प्रश्नात ७,५२१ च्या जागी २०२५-२६ चा ८,११० रुपयांचा हमीभाव आला आहे, आणि गाडीचं भाडं किती धरायचं ते मुलांनीच गावातल्या टेम्पोवाल्याला विचारून आणायचं आहे.